गंगावेशच्या म्हशीला काय दिसतं? दुसऱ्या जिवाच्या जागी उभं राहण्याची रीत

शाळेत आपण सगळ्यांनी एकदा तरी ‘मी कुत्रा बोलतोय’ लिहिलेलं आहे. त्या निबंधातला कुत्रा शुद्ध मराठीत विचार करतो, इमानदारीवर दोन परिच्छेद बोलतो आणि जाता जाता माणसाच्या कृतघ्नपणावर कोरडे ओढतो. बाई खूश होतात, दहापैकी आठ मार्क मिळतात. पण त्या निबंधात कुत्रा कुठंच नसतो. कुत्र्याचं कातडं पांघरून आठवीतला मुलगाच बोलत असतो.

इथं सांगतोय ती रीत याच्या उलटी आहे. आधी त्या जिवाचं शरीर, मग जागा, मग त्याची गरज. भावना अगदी शेवटी, त्याही लागल्या तरच. शिवाय एक अट आहे. तुमच्या कल्पनेतून काहीतरी अंदाज निघाला पाहिजे आणि तो गल्लीत जाऊन तपासता आला पाहिजे. तपासता येत नसेल तर तो निबंधच झाला म्हणायचा.

या विचाराचा पाया घातला जीवशास्त्रज्ञ याकोब फॉन युक्स्कुल (१८६४–१९४४) यांनी. प्रत्येक प्राणी आपापल्या इंद्रियांनी विणलेल्या वेगळ्या जगात राहतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी उदाहरण दिलं ते गोचिडीचं, म्हणजे आपल्या गोठ्यांना काही नवं नाही. गवताच्या काडीवर बसलेल्या गोचिडीला झाड, आभाळ, वाट यांतलं काही नसतं. तिला तीनच गोष्टी कळतात: जनावराच्या कातडीतून येणाऱ्या ब्युटिरिक आम्लाचा वास, रक्ताची ऊब आणि केसांमधून वाट काढताना होणारा स्पर्श. वास आला की ती काडी सोडते, उबेवर पडली की बिनकेसाची जागा शोधते आणि चावते. तिचं सगळं विश्व एवढंच आहे, आणि तिला ते पुरतं.

लागणारं सामान: एक वही, मोबाइलचा कॅमेरा, एक अगरबत्ती आणि गुळाचा खडा.

पहिली पायरी: एक जीव, एक जागा, एक वेळ

सुरुवात करणाऱ्यांना हमखास वाघ किंवा गरुड हवा असतो. आपल्या कोल्हापूरकडं राधानगरीचा गवा. अभयारण्य जवळच आहे, १९५८ पासूनचं, महाराष्ट्रातलं पहिलं. तरीही गवा नको. तो तुम्हाला रोज भेटत नाही, आणि रोज न भेटणाऱ्या जिवाबद्दल माणूस मनाला येईल ते लिहितो.

दारातला जीव घ्या. गल्लीतला कुत्रा, ओट्यावरची मुंगी, पंचगंगा घाटावरचा कावळा, गंगावेश चौकात धारेसाठी येणारी म्हैस. जागाही नेमकी ठरवा: ‘रंकाळा’ असं मोघम नको, संध्यामठाच्या बाजूचा अमुक एक कट्टा. वेळही एकच ठेवा. सकाळी साडेसहाची गल्ली आणि दुपारी दोनची गल्ली कुत्र्याच्या लेखी दोन वेगळी गावं असतात. मे महिन्यात दुपारी तापलेल्या डांबरावर तळहात टेकवून बघा, म्हणजे कळेल.

दुसरी पायरी: शरीराचा तक्ता

वहीच्या एका पानावर सहा ओळी आखा: डोळ्याची जमिनीपासून उंची, नजर, कान, नाक, अंगाला कळणारं, आणि रोजचं वेळापत्रक. या सहा ओळी भरल्याशिवाय कल्पनेला हात घालायचा नाही. ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून लोक वगळतात, आणि मग सगळं फसतं.

कुत्र्याचा तक्ता भरून दाखवतो. गावठी कुत्र्याचा डोळा साधारण आपल्या गुडघ्याच्या आसपास. त्याला रंग दिसत नाहीत ही समजूत चुकीची आहे; निळा आणि पिवळा दिसतो. लाल आणि हिरवा मात्र वेगळे ओळखू येत नाहीत, दोन्ही मळकट पिवळे-करडे होतात. म्हणजे तांबडा रस्सा त्याच्या दृष्टीनं तांबडा नसतोच. बारकावाही कमी: आपल्याला पंचाहत्तर फुटांवरून स्पष्ट दिसणारी गोष्ट बघायला त्याला सुमारे वीस फुटांवर यावं लागतं. अंधुक उजेडात मात्र तो आपल्याला मागं टाकतो. ऐकू येण्याची आपली वरची हद्द २०,००० हर्ट्झ, त्याची साधारण ४५,०००. दिवाळीत लवंगी फुटली की आपल्याला ‘फट्’ ऐकू येतं. त्या आवाजाचा जो धारदार भाग आपल्या कानांपर्यंत पोचतच नाही, तोही त्याला ऐकावा लागतो.

खरा मामला नाकाचा. कुत्रा हुंगताना श्वास नाकपुडीच्या बाजूच्या फटींतून सोडतो. त्यामुळं बाहेर जाणारी हवा समोरच्या वासाला धक्का लावत नाही आणि वास सलग आत येत राहतो. वास शिळा आहे की ताजा हे त्याला कळतं, म्हणजे नाकातून त्याला काळही कळतो. विजेच्या खांबाशी तो दोन मिनिटं थांबतो तेव्हा रात्रभरात कोण आलं, कोण गेलं याचा हिशेब लावत असतो.

आता दारातली कोल्हापुरी चप्पल घ्या. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, तिचा रुबाब सांगायला आपल्याला शब्द पुरत नाहीत. कुत्र्याच्या तक्त्यातून बघितलं तर ते बाभळीच्या साली-हिरड्यात कमावलेलं कातडं आहे आणि त्यात घरातल्या सगळ्यात ओळखीच्या माणसाचा घाम मुरलेला आहे. चघळायला याहून चांगली वस्तू अख्ख्या घरात नाही. नवीकोरी पायताणं कपाटात ठेवा, त्याला शिव्या घालून उपयोग नाही.

मांजराच्या तक्त्यात एक ओळ न विसरता लिहा: मांजराला गोड चव कळतच नाही. ती चव कळण्यासाठी लागणारं जनुक मांजरांत निकामी असल्याचं २००५ मध्ये दिसून आलं. बासुंदीच्या पातेल्यात तोंड घालणारी मनी स्निग्धांशाच्या मागं असते. साखरेचे पैसे तिच्यापुरते वाया.

तिसरी पायरी: आपलं शरीर त्या जागी न्या

इथं मोबाइल कामाला येतो. कॅमेरा जमिनीपासून दीडेक फुटावर धरा आणि महाद्वार रोडवर चाला. भल्या सकाळी जा. गर्दीच्या वेळी असं वाकून चालाल तर लोक काही हरवलंय का म्हणून मदतीला येतील, आणि मग सगळ्यांना सगळं समजावत बसावं लागेल. घरी आल्यावर व्हिडिओ बघा. पाट्या, चेहरे, साड्या, देवळाची शिखरं सगळं गायब. उरतात पावलं, टायर, पायऱ्यांच्या कडा, गटाराची झाकणं आणि दुकानांच्या उंबऱ्याखालची काळोखी फट. त्या फटीत कुत्रं झोपलेलं आपण रोज बघतो, पण ती जागा किती मोठी आणि किती सुरक्षित वाटते हे खालून बघितल्याशिवाय कळत नाही. फोटोतला लाल रंग काढून टाकायची सोय असेल तर तेही करून बघा.

कॅमेऱ्याला वास कळत नाही, म्हणून दुसरी फेरी डोळ्यांवरचा भार कमी करून मारायची. कुणाला तरी सोबत घ्या, एखाद्या शांत बोळात डोळे मिटून त्याचा दंड धरून चाला आणि वास येईल तिथं थांबा. वहीत रस्त्याचा नकाशा काढा, पण दुकानांची नावं न लिहिता: तेलाचा घाणा, ओली माती, मटणाचा ठोकळा, धूप, गटार, कांदा-लसूण मसाला कांडपाचा ठसका. अगरबत्ती पेटवून वारा कुठून येतोय ते बघा आणि नकाशावर बाण काढा. वाऱ्याची दिशा बदलली की नकाशाही बदलतो. आपला महाद्वार रोड कायम एका जागी असतो. कुत्र्याचा वाऱ्यासोबत सरकतो.

चौथी पायरी: गरज शोधा. इथं म्हशीपाशी थांबू

शरीर कळलं तरी जीव त्या क्षणी काय करतोय हे कळत नाही. त्यासाठी एकच प्रश्न विचारायचा: आत्ता, या वेळी, याला कशाची निकड आहे?

कोल्हापुरात हा प्रश्न शिकायला म्हशीइतकी चांगली गुरू नाही. गंगावेशच्या दूध कट्ट्यावर जा. गिऱ्हाईक ग्लास घेऊन उभं, समोर धार निघतेय, फेसाळ दूध तिथंच प्यायलं जातंय. आपण दुधाकडं बघतो. तुम्ही म्हशीच्या बाजूनं उभे राहा.

तिचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. गाई-म्हशींना मान न वळवता जवळजवळ सगळीकडचं दिसतं; फक्त शेपटीमागं थेट आंधळी जागा आणि नाकासमोर अगदी जवळ थोडी. म्हणून मागून गुपचूप जाणारा माणूस तिच्या लेखी एकाएकी उगवतो, आणि लाथ बसते. खोलीचा अंदाज मात्र तिला पटकन येत नाही. सावली, पाण्याचं डबकं आणि खड्डा यांतला फरक करायला तिला मान खाली घालून नीट बघावं लागतं. रस्त्यात मध्येच अडलेल्या म्हशीमागं हॉर्न वाजवणाऱ्यांनी एकदा तिच्या पुढ्यात काय आहे ते बघावं. बहुतेक वेळा गटाराची जाळी असते किंवा एखादा ओला पट्टा.

काळी कातडी, विरळ केस आणि गाईच्या मानानं फार कमी घामग्रंथी. म्हणजे उन्हाची तिची तक्रार आपल्यासारखी नाही. ऊन तिच्या अंगात साठत जातं आणि बाहेर काढायला पाणी किंवा चिखल हाच उपाय. नदीत डुंबणारी म्हैस आळशी म्हणून ओळखली जाते. खरं तर त्या वेळी ती सगळ्यात निकडीचं काम उरकत असते.

आता धार. म्हशीच्या कासेत बहुतेक दूध आतल्या बारीक कोशांत अडकलेलं असतं, गाईइतकं ते आधी खाली उतरून थांबत नाही. ते उतरायला पान्हा फुटावा लागतो, आणि पान्हा फुटतो तो ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळं. रेडकाची ढुशी, ओळखीचा हात, आंबोणाची घमेली, बादलीचा आवाज यांपैकी कशानंही तो सुटतो. भीती वाटली की अडतो. ‘म्हशीनं पान्हा चोरला’ असं आपण म्हणतो, त्यात चोरीचा आरोप तिच्यावर. प्रत्यक्षात तिच्या शरीरानंच दार लावलेलं असतं. मग गंगावेशच्या गोंगाटात, गाड्यांच्या मध्ये ती दूध देते कशी? कारण तिच्या जगात तो गोंगाट नसून रोजची ठरलेली वेळ, तोच खांब, तोच हात आहे. आपल्याला तो चौक दिसतो, तिच्या दृष्टीनं तो गोठ्याचाच एक कोपरा.

म्हैसवाल्यांना विचारा. फक्त ‘मामा, म्हशीला काय वाटत असेल?’ असं नको; हसून घालवतील. ‘मामा, धारेला दुसरा कोण बसला तर काय करती?’ असं विचारा. पुढचा अर्धा तास तुम्हाला बोलावं लागणार नाही, आणि कुठल्याही पुस्तकात नसलेली माहिती मिळेल.

पाचवी पायरी: लिहा, पण माणसाची नामं गाळून

दीडशे शब्दांच्या वर जायचं नाही. नियम मोजके. त्या जिवाला ज्याचा उपयोग नाही त्या वस्तूचं नाव लिहायचं नाही. कुत्र्याला ‘दुकान’ नाही, सावली आहे. आपली मापं नकोत. पावसाळ्यात सगळं कोल्हापूर राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारत असतं, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. भिंतीतल्या मुंगीला त्रेचाळीस हा आकडा नाही, तिला ओल कुठवर चढली ते आहे. ‘वाटलं’, ‘ठरवलं’, ‘आठवलं’ ही क्रियापदं पहिल्या खर्ड्यात बंद. आणि ‘मी’ नको. प्रथमपुरुषी लिहायला घेतलं की जनावर लगेच बोलघेवडं होतं, असा माझा अनुभव आहे. तृतीयपुरुषात ते गप्प राहतं.

नमुना म्हणून एक कच्चा तुकडा:

‘जमीन गार. भिंतीच्या कोपऱ्यात रात्रीचा माग अजून ओला. नर, बाहेरचा, एकटा. आला त्याच वाटेनं गेला. वरून पिवळा चौकोन उघडतो, आवाज होतो, शिळ्या भाकरीचा वास खाली उतरतो. दोन पाय, ओळखीचे. त्यांच्यामागं दोन छोटे पाय, अनोळखी, वेगानं. मागं सरकायचं. भाकरी तिथंच आहे. छोटे पाय थांबतात. भाकरी.’

पिवळा चौकोन म्हणजे पहिल्या मजल्यावरची खिडकी, हे वाचणाऱ्याला कळतं आणि कुत्र्याला कळायची गरज नाही. तुकड्यात प्रेम, इमान, दुःख काही नाही, तरी घरी आलेल्या पाहुण्यांच्या पोराला बघून कुत्रं बिचकलं हे पोचतं. दुसऱ्या खर्ड्यात एखादी भावना घालायची असेल तर भीतीपासून सुरुवात करा. तिची खूण अंगावर दिसते: शेपूट, कान, पाठ. कृतज्ञतेची खूण कुठली, ते मला कुणी दाखवलेलं नाही.

सहावी पायरी: अंदाज बांधा आणि तपासा

या पायरीसाठीच वरची सगळी खटपट.

सोपी सुरुवात मुंगीपासून. मुंगीची रांग डोळ्यांवर कमी आणि वासाच्या रेघेवर जास्त चालते. खाऊ सापडलेली मुंगी परतताना जमिनीवर गंधाचा माग सोडते आणि मागच्या तो धरतात. हे खरं असेल तर अंदाज असा: रेघ पुसली तर गूळ समोर दिसत असूनही रांग तुटेल. ओट्यावर गुळाचा खडा ठेवा, वाटेत कागदाची पट्टी अंथरा. रांग नीट लागली की पट्टी काढून तिथंच कोरी पट्टी ठेवा. मुंग्या कडेला येऊन थबकतात, मिशा हलवत इकडंतिकडं फिरतात. मग एखादी पलीकडं पोचते आणि हळूहळू नवी रेघ तयार होते. लहान मुलांना हा प्रयोग जादूपेक्षा जास्त आवडतो.

अशा घरगुती तपासणीला मोठी परंपरा आहे. चार्ल्स डार्विननं गांडुळांना बासून हे वाद्य ऐकवलं, पियानो वाजवून दाखवला. त्यांनी दखल घेतली नाही. मग गांडुळांची कुंडी पियानोवरच ठेवली आणि सूर दाबला, तशी गांडुळं बिळात पळाली. आवाज त्यांच्या जगात नव्हता, कंप होता. १८८१ मध्ये त्यानं हे सगळं छापलं.

कबुतर चालताना मान का हलवतं? आपल्याला ते ठुमकणं वाटतं. १९७८ मध्ये एका प्रयोगात कबुतर सरकत्या पट्ट्यावर चालवलं: पाय चालू, पण आजूबाजूचं दृश्य जागच्या जागी. मान हलायची थांबली. म्हणजे ते डोकं क्षणभर एका जागी धरून चित्र स्थिर ठेवत असतं. हे माहीत झाल्यावर कबुतर बघताना डोक्याकडं लक्ष द्या. शरीर पुढं जातं, डोकं मागं थांबतं, मग झटक्यानं पुढं येतं.

माशीसाठी स्वयंपाकघरातली जुनी चोकवाली ट्यूब बघा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं ती ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. आपल्या डोळ्याला साठेक लुकलुकींच्या पुढं सलग उजेड दिसतो, माशीला अडीचशेपर्यंत वेगळ्या कळतात. आपण जिथं शांत बसून जेवतो तिथं माशी सतत लुकलुकणाऱ्या खोलीत फिरत असते. तिच्यावर उगारलेला हातही तिला सावकाश येताना दिसतो, म्हणून फटका चुकतो.

आणि कावळा. पितृपंधरवड्यात किंवा दहाव्याला पंचगंगा घाटावर पिंड ठेवला जातो आणि सगळे हात जोडून कावळा शिवण्याची वाट बघतात. शिवत नाही तेव्हा ‘काहीतरी इच्छा राहिली’ अशी कुजबुज होते, कुणी शब्द देतं, कुणी डोळे पुसतं. त्या श्रद्धेला मला काही म्हणायचं नाही. गेलेल्या माणसाची राहिलेली इच्छा सगळ्यांसमोर बोलून दाखवायची सोय त्यात आहे, आणि ती मोठी गोष्ट आहे. पण कावळ्याच्या जागी बसून बघा. उघड्यावर खाणं, त्याच्याभोवती दहा-पंधरा माणसांचं कडं, कुणी हलत नाही, सगळ्यांची नजर त्याच्यावर. माणसाच्या रोखलेल्या नजरेला जपणाऱ्या सावध पक्ष्यानं अशा जागी का उतरावं? यातून निघणारा अंदाज: माणसं लांब गेली, पाठ फिरवली, बोलायला लागली की कावळा येईल, एक उतरला की बाकीचे येतील, आणि आधीच भरपूर पिंड पडलेल्या दिवशी उशीर लागेल. घाटावर दुसऱ्या कुणाच्या दुःखात नाक खुपसून हे तपासायचं नाही. गच्चीवर भाताची मूद ठेवा, एकदा समोर उभं राहून आणि एकदा दाराआड जाऊन बघा.

अंदाज चुकला तर तक्त्यात दुरुस्ती करा. बरोबर आला तरी हुरळून जाऊ नका. थॉमस नेगल या तत्त्वज्ञानं १९७४ मध्ये वटवाघळाचं उदाहरण घेऊन दाखवलं की त्याच्या इंद्रियांची सगळी माहिती जमवली तरी वटवाघूळ असणं आतून कसं लागतं ते आपल्या हाती येत नाही. मान्य. पण गल्लीत आपल्याला तेवढं लागतही नाही. लाथ का बसली, रांग का तुटली एवढं कळलं तरी पुष्कळ.

सांभाळायच्या गोष्टी

अनोळखी कुत्र्याच्या डोळ्यांत रोखून बघू नका, पिल्लांपाशी असलेल्या कुत्रीच्या उंचीला वाकू नका. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लशीसाठी दवाखाना गाठा; हळद-चुना लावत बसू नका. उंच इमारतीला किंवा पाण्याच्या टाकीला आग्या मोहोळ लागलं असेल तर ते लांबूनच. म्हशीजवळ समोरून किंवा बाजूनं, मालकाला विचारून, आवाज देत जा.

वर्षभर काय घ्यायचं

उन्हाळ्यात घार घ्या: जमीन तापून हवा वर उठायला लागली की ती पंख न हलवता चढते, तेव्हा सकाळी किती वाजता पहिली घिरटी दिसते ते वहीत मांडा आणि ढगाळ दिवसाशी ताडून बघा. पावसाळ्यात मुंगी आणि गांडूळ. हिवाळ्यात गुऱ्हाळं सुरू झाली की काहिलीभोवती घोंघावणाऱ्या मधमाश्या. त्यांना लाल रंग दिसत नाही आणि आपल्याला न दिसणारे अतिनील किरण दिसतात. फक्त काहिलीच्या वाफेपासून लांब उभे राहा.

दिवाळी पाडव्याला मात्र म्हैसच. शिंगं रंगवलेली, गळ्यात कवड्यांच्या माळा, आणि मालकाच्या मोटारसायकलच्या मागं सुसाट पळणाऱ्या म्हशी बघायला सगळं गाव रस्त्यावर असतं. शिंगांचा लाल रंग तिच्यासाठी नाही, तो आपल्यासाठी. ती कशामागं पळते: गाडीच्या आवाजामागं, मालकाच्या हाकेमागं की वासामागं? जायच्या आधी वहीत एक उत्तर लिहून ठेवा. गाडी बंद असताना मालकानं नुसती हाक मारली तर ती काय करते, आणि त्याच गाडीवर दुसरा कुणी बसला तर काय करते, हे मालकाला विचारा. तो बहुधा करूनच दाखवेल.